सी ड्राइव्ह लाल झालाय: डी-ई न गमावता पार्टिशन बदलणं आणि विंडोज नव्यानं टाकणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत डीटीपी आणि लग्नपत्रिकांचं दुकान. कॉम्प्युटर असेंबल्ड, आठव्या पिढीचा आय-थ्री ८१००, एच ३१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची एकच हार्ड डिस्क. सी ९७.६ जीबीचा आणि जागा संपत आल्यानं लाल झालेला, डी ४०० जीबीचा आणि निम्म्याहून जास्त रिकामा, ई ४३३ जीबीचा आणि गच्च भरलेला. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, म्हणून ११ टाकायचंय. डीमधली मोकळी जागा सीला द्यायची आहे आणि डी-ईवरचं वर्षानुवर्षांचं पत्रिकांचं काम जाता कामा नये.

उत्तर आधी, कारणं नंतर. डीची जागा सीला द्यायच्या फंदात पडू नका. ५०० जीबीचा साटा एसएसडी (साटा केबलनं जोडायची, न फिरणारी वेगवान डिस्क) घ्या, जुनी हार्ड डिस्क काढून ठेवून त्यावर विंडोज ११ टाका आणि मग जुनी डिस्क डेटासाठी परत जोडा. डी-ईला हातच लागत नाही. एसएसडी घ्यायचाच नसेल तर त्याच डिस्कवर कसं करायचं तेही खाली दिलंय, पण त्यात पूर्ण बॅकअप घेतल्याशिवाय एक पाऊलही टाकता येत नाही.

आता डीची जागा सीला का मिळत नाही ते. डिस्कवरची पार्टिशनं म्हणजे एका ओळीत बांध घालून पाडलेली शेतं. सी, त्याला लागून डी, त्यापलीकडे ई. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून डी श्रिंक केला, म्हणजे आकसवला, तर रान मोकळं होतं ते डीच्या पलीकडच्या, म्हणजे ईच्या अंगाला. सीच्या बांधाला लागून काहीच मोकळं होत नाही, म्हणून सीवर राइट क्लिक केल्यावर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ पुसटच राहतं. बाहेरची पार्टिशन सॉफ्टवेअर हे करून देतात, पण त्यासाठी ती डीमधला सगळा डेटा उचलून पुढं सरकवतात. दीड-दोनशे जीबी सरकवायला जुन्या डिस्कवर कित्येक तास लागतात आणि मध्येच लाईट गेली तर अर्धा डेटा जुन्या जागी, अर्धा नव्या जागी आणि कुठलं पार्टिशन कुठं हे सांगणारा तक्ता धड कुठलाच नाही, अशी गत होते. दुकानातल्या साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर दहा-पंधरा मिनिटं निघतात. तेवढ्यात हे काम होत नाही.

दुसरी अडचण दिसत नाही, पण मोठी आहे. डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि रंग बघा. ई ड्राइव्हभोवती हिरवी चौकट दिसतेय का? दिसत असेल तर ते एक्स्टेंडेड पार्टिशन आहे आणि ई त्याच्या आतलं लॉजिकल. याचा अर्थ डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे (पार्टिशनांचा तक्ता लिहायच्या दोन पद्धती: जुनी एमबीआर, नवी जीपीटी). एमबीआरमध्ये चारच प्रायमरी पार्टिशनं मावतात, म्हणून सिस्टिम रिझर्व्हड, सी आणि डी झाल्यावर विंडोज चौथं पार्टिशन स्वतःहून एक्स्टेंडेड करतं. खात्रीसाठी खाली डावीकडे ‘डिस्क ०’ लिहिलेल्या करड्या चौकोनावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स. तिथं पार्टिशन स्टाइलपुढे एमबीआर की जीपीटी ते लिहिलेलं असतं. रनमध्ये एमएसइन्फो३२ टाकलं की बायोस मोडपुढे ‘लेगसी’ की ‘यूईएफआय’, म्हणजे मशीन जुन्या पद्धतीनं सुरू होतं की नव्या, तेही कळतं. तुमचा सी ९७.६ चा आहे, म्हणजे कुणीतरी सेटअपमध्ये १००००० एमबी असा आकडा टाकून पुढं गेलंय. अशा मशीनवर लेगसी आणि एमबीआरच निघण्याची शक्यता जास्त.

विंडोज ११ ला यूईएफआय लागतं आणि यूईएफआयला जीपीटी. डेटा न पुसता रूपांतर करणारं एमबीआरटूजीपीटी हे मायक्रोसॉफ्टचंच साधन आहे, पण डिस्कवर एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल पार्टिशन असलं की ते तपासणीतच नकार देतं. म्हणजे ती वाट तुम्हाला बंद आहे. यासाठीच वेगळा एसएसडी म्हणतोय. तो नवाकोरा, जीपीटी होऊन यूईएफआयवर चालेल. जुनी डिस्क एमबीआरच राहिली तरी चालतं, कारण नुसता डेटा वाचायला दोन्हीत फरक पडत नाही. वेगाचा प्रश्नही त्यातच सुटतो. मशीन हळू चालतं ते सी भरल्यामुळे थोडं आणि हार्ड डिस्कमुळे जास्त. विंडोज ११ फिरत्या डिस्कवर टाकलं तर ताजं फॉरमॅट करूनही रडतच चालेल.

कशालाही हात लावण्याआधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींचा ‘रॉ’ आकडा शून्य हवा. हा आकडा हेक्समध्ये दिसतो, पण शून्य म्हणजे शून्यच. सी५ मध्ये काही असेल तर काही सेक्टर वाचता येत नाहीयेत. अशा डिस्कवर श्रिंक, चेकडिस्क, डीफ्रॅग काही करू नका, आधी डेटा बाहेर काढा. सी७ चा आकडा वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसून साटा केबलचा असतो. ती बदलून बघा, मगच डिस्कला नावं ठेवा.

बॅकअपबद्दल सविस्तर लिहितो, कारण कामं बुडतात ती इथंच. सीवरची फाइल डीवर ठेवली म्हणजे बॅकअप झाला, ही समजूत पहिली काढून टाका. डिस्क एकच आहे. ती बंद पडली की सी, डी, ई तिन्ही एकदमच जातात. १ टीबीची बाहेरची डिस्क घ्या आणि तिचं फॉरमॅट एनटीएफएस किंवा एक्सफॅट आहे ना ते बघा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. यूएसबी ३ च्या पोर्टला लावा, तो बहुतेक वेळा आतून निळा असतो. तिथं ६०० जीबी साधारण पावणेदोन-दोन तासांत उतरतो. काळ्या यूएसबी २ पोर्टवर त्यालाच साडेपाच-सहा तास लागतील. बारीक फाइल्स खूप असतील तर दोन्हीकडे वेळ आणखी वाढेल.

कॉपी-पेस्ट एखाद्या खराब फाइलवर अडकली की सगळंच खोळंबतं, म्हणून रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कमांड वापरा. कमांड प्रॉम्प्टमध्ये रोबोकॉपी, मग कुठून, मग कुठं, आणि शेवटी /ई /आर:१ /डब्ल्यू:१. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं. शेवटचे दोन विसरू नका. ते दिले नाहीत तर रोबोकॉपी एका न वाचता येणाऱ्या फाइलसाठी दर ३० सेकंदांनी प्रयत्न करत राहतं, तेही १० लाख वेळा. लोक रात्रभर ठेवून सकाळी बघतात तर ते तिथंच. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या जुळते का बघा आणि बाहेरच्या डिस्कवरून पाच-सात जुन्या फाइल्स प्रत्यक्ष उघडा. एवढं झालं की ती डिस्क काढून घरी न्या, शक्यतो वरच्या मजल्यावर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर सांगलीत हे वेगळं समजावून सांगायला नको. कॉम्प्युटर आणि बॅकअप एकाच काउंटरच्या खणात असतील तर पाणी दोन्हींत शिरतं.

डी-ई सगळ्यांच्या लक्षात असतात. विसरतं ते सीवरचं. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सगळं सीवरच असतं. आउटलुक वापरत असाल तर पीएसटी फाइल, ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड. टॅली असेल तर डेटाचं फोल्डर घ्याच, पण जुनं विंडोज चालू असतानाच टॅलीतून लायसन्स सरेंडर करा. आधी फॉरमॅट आणि मग आठवण, असं झालं की पुन्हा ॲक्टिव्हेट करताना खेटे पडतात. डिजिटल सही टोकनमध्ये असते, ती जात नाही. फक्त टोकनचा ड्रायव्हर परत टाकावा लागतो.

तुमच्या धंद्यात सगळ्यात महत्त्वाचे फॉन्ट. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमधली पत्रिका त्या फॉन्टशिवाय उघडली तर ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मजकूर गेलेला नसतो. या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, म्हणून असं होतं. विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स हे फोल्डर आख्खं उचला. त्याबरोबर आणखी एक जागा आहे जी बहुतेकांना माहीत नसते. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत डबल क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हटलेला फॉन्ट फक्त त्या युजरपुरता बसतो आणि युजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या वाटेवर जातो. ॲपडेटा लपवलेलं असतं, व्ह्यू मेनूतून ‘हिडन आयटम्स’ सुरू करा. नव्या विंडोजवर फॉन्ट टाकताना ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडा. आणि कोरलड्रॉनं फाइल उघडताना फॉन्ट नाही, दुसरा घेऊ का, असं विचारलं तर तो स्वीकारून फाइल सेव्ह करू नका. बंद करा, फॉन्ट टाका, मग उघडा. टायपिंग सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक असेल तर त्याचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतो का, हे आधी विक्रेत्याला विचारून घ्या. याच एका कारणानं काम चार दिवस अडू शकतं, म्हणून हा सगळा खटाटोप तुळशीच्या लग्नाआधी, पत्रिकांची गर्दी सुरू व्हायच्या आत उरका.

पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा आणि त्यावरचं सगळं पुसलं जाणार. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरचं मीडिया क्रिएशन टूल वापरा, किंवा आयएसओ (सगळं विंडोज असलेली एकच फाइल) उतरवून रूफस हे पेन ड्राइव्ह तयार करणारं सॉफ्टवेअर. रूफसमध्ये पार्टिशन स्कीम जीपीटी आणि टार्गेट यूईएफआय ठेवा. आयएसओतल्या फाइल्स नुसत्या फॅट३२ पेन ड्राइव्हवर कॉपी करून चालत नाही, कारण आतली इन्स्टॉल.विम ही फाइल ४ जीबीच्या वर जाते. मदरबोर्डच्या कंपनीच्या पानावरून लॅनचा ड्रायव्हरही दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. विंडोज ११ चं सेटअप शेवटी इंटरनेट मागतं आणि लॅन ओळखलं गेलं नाही तर तिथंच अडकतं. अशा वेळी अँड्रॉइड मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग सुरू करा. त्याला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

एसएसडीसोबत केबल सहसा येत नाही. साटा डेटा केबल वेगळी घ्या. एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) साटा पॉवरचं टोक शिल्लक नसेल तर न वापरल्या जाणाऱ्या डीव्हीडी ड्राइव्हच्या दोन्ही केबल काढून लावा. एनव्हीएमईचा, म्हणजे साटापेक्षा वेगवान एसएसडीचा, मोह या मशीनपुरता सोडा. एच ३१० चिपसेट पीसीआयई २.० वरच चालतो, जादा पैशाचा वेग हाती लागणार नाही. मेन स्विच बंद, पिन काढलेली, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरलेलं, मग झाकण उघडा. जुन्या हार्ड डिस्कची डेटा केबल काढा. ही पायरी आळसानं टाळू नका. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या तर सेटअप बूटच्या फाइल्स कधी कधी जुन्या डिस्कवर टाकतं आणि पुढं ती डिस्क काढली की नवं विंडोज सुरूच होत नाही. शिवाय जी डिस्क जोडलेलीच नाही ती चुकून पुसली जाणार नाही.

बायोसमध्ये (बहुतेक बोर्डांवर डिलीट की) तीन गोष्टी: सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीनं सुरू होण्याची सोय) बंद, सिक्युअर बूट सुरू, आणि इंटेल पीटीटी सुरू. पीटीटी म्हणजे प्रोसेसरमधलंच टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय), वेगळी चिप घ्यायला लागत नाही. सीएसएम बंद केल्यावर जुनं विंडोज सुरू होणार नाही. ते बिघडलेलं नसतं, सीएसएम परत सुरू केलं की येतं. जुनं ग्राफिक कार्ड लावलेलं असेल आणि सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहिला तर कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावा.

बूट मेनू गिगाबाइटवर एफ१२, एमएसआयवर एफ११, असूसवर एफ८. इथं एकच पेन ड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावानं आणि एकदा ‘यूईएफआय’ हा शब्द पुढं लावून. दुसरा निवडा. पहिला निवडला की जीपीटी डिस्कवर पुढं जाऊन ‘ही डिस्क जीपीटी पद्धतीची आहे’ अशी तक्रार येते. ती चूक डिस्कची नसून पेन ड्राइव्ह कुठल्या पद्धतीनं सुरू केला याची असते.

पुढं डिस्कची यादी येते. इथं सी, डी, ई ही अक्षरं नसतात, आकारावरून ओळखायचं. ५०० जीबीचा एसएसडी ४६५ च्या आसपास दिसतो, १ टीबीची डिस्क ९३१, आणि १६ जीबीचा पेन ड्राइव्ह १४-१५ जीबीची आणखी एक डिस्क म्हणून दिसतो. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४ च्या. जागा कुणी खाल्लेली नाही. एसएसडीपुढे ‘अनअलोकेटेड स्पेस’ असेल. त्यावर क्लिक करून थेट ‘नेक्स्ट’ करा, हातानं पार्टिशन पाडू नका. सेटअप स्वतःच १०० एमबीचं ईएफआय, १६ एमबीचं एमएसआर, मुख्य सी आणि रिकव्हरी असं सगळं नीट मांडून घेतं. नव्या सेटअपमध्ये सुरुवातीलाच ‘सगळं पुसलं जाईल’ यावर टिक मागतात. प्रत्यक्षात पुसलं जातं ते पुढच्या यादीत तुम्ही निवडलेलंच. पहिल्या रीस्टार्टनंतर पुन्हा पहिलाच पडदा आला तर मशीन परत पेन ड्राइव्हवरून सुरू झालंय. ड्राइव्ह काढून रीस्टार्ट करा. मध्येच फाइल वाचता न आल्याची चूक आली तर आधी पेन ड्राइव्ह बदला, मग रॅम तपासा. विंडोज १० याच मदरबोर्डवर डिजिटल लायसन्सनं ॲक्टिव्हेट असेल तर तीच आवृत्ती, होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो, निवडा. आपोआप ॲक्टिव्हेट होतं. डिस्क बदलल्यानं लायसन्सला धक्का लागत नाही.

लॅपटॉपवर हेच करणाऱ्यांसाठी एवढंच: अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर यादीत डिस्कच दिसत नाही. डिस्क गेलेली नसते, इंटेल व्हीएमडीचा ड्रायव्हर ‘लोड ड्रायव्हर’मधून द्यावा लागतो.

एसएसडी नकोच असेल तर त्याच डिस्कवर असं करा. बॅकअप दोनदा तपासलेला असेल तरच. सेटअपच्या पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडते. डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क. ९३१ जीबीपुढचा क्रमांक बघा, तो शून्यच असेल असं गृहीत धरू नका. सिलेक्ट डिस्क आणि तो क्रमांक, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी, एक्झिट. क्लीन विचारत नाही, एंटर मारताक्षणी तक्ता जातो. बाहेरची बॅकअप डिस्क या वेळी जोडलेली असता कामा नये. मग यादीत ‘न्यू’ करून २०४८०० टाका, म्हणजे २०० जीबीचा सी होतो. उरलेल्यात एकच डेटा पार्टिशन करा. डी आणि ई असे दोन कशाला? एक भरतो, एक रिकामा राहतो आणि आज तुम्ही त्याच अडचणीत आहात. सीचा आकार एकदाच विचार करून ठरवा, कारण सीच्या शेवटी रिकव्हरी पार्टिशन बसतं आणि नंतर वाढवायला तेच आडवं येतं.

चुकून भलतं पार्टिशन डिलीट झालं तर तिथंच थांबा, मशीन बंद करा. हार्ड डिस्कवर डिलीटनं फक्त तक्त्यातली नोंद जाते, वर काही लिहिलं गेलं नसेल तर टेस्टडिस्क या सॉफ्टवेअरनं परत येऊ शकते. एसएसडीवर फॉरमॅट झालं की ट्रिममुळे, म्हणजे मोकळी झालेली जागा एसएसडी स्वतःच साफ करतो त्यामुळे, आतला डेटा खरोखर पुसला जातो. तिथं ही आशा ठेवू नका.

एसएसडीवर विंडोज सुरू झालं, अपडेट झालं, ड्रायव्हर बसले, की मशीन बंद करून जुनी डिस्क जोडा आणि बायोसच्या बूट क्रमात एसएसडी पहिला आहे ना बघा. आता सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ तपासा. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की ते नकळत सुरू होऊ शकतं. सुरू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की खात्यातून काढून वहीत लिहा, नाहीतर बायोसमध्ये काही बदललं की मशीन तीच मागेल.

जुन्या ड्राइव्हांची अक्षरं बहुधा बदललेली असतील, कारण डी डीव्हीडी ड्राइव्ह पटकावतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डीव्हीडीला झेड द्या, मग जुन्या डीला डी आणि ईला ई. हे केलं की कोरलमधल्या लिंक केलेल्या चित्रांचे आणि टॅलीच्या डेटाचे रस्ते जसेच्या तसे जुळतात. जुन्या सीमधलं युजरचं फोल्डर उघडताना परवानगी नाही म्हणेल, ‘कंटिन्यू’ दाबा आणि थांबा, फाइल्स जास्त असतील तर वेळ लागतो. जुना सी लगेच पुसू नका. महिनाभर ठेवा. कुठला फॉन्ट, कुठली सेटिंग राहिली ते रोजच्या कामातच कळतं. महिन्यानंतर जुना सी फक्त फॉरमॅट करा, डिलीट नको, आणि त्याला नाव द्या, म्हणजे पुन्हा कुणी सेटअप चालवलं तर ९७.६ जीबीचा तो तुकडा कसला आहे हे यादीत वाचता येईल.